उपाशी मामाचं रक्त

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट कळत नाही.

हिंदमाताला माझं साड्यांचं दुकान आहे. फुटपाथवर ब्लाउजपीस विकायचो, भांडत-तंडत इथवर आलो. आमच्यातल्या शिकलेल्या मंडळींना मी आठवतो तो फक्त लग्नसराईत — भाव कमी करायला. तो राग अजून गेलेला नाही. त्यामुळे भाची मयूरी म्हणाली, "मामा, तुझं रक्त हवंय," तेव्हा मी केवढा फुशारलो!

मयूरी परळच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. काही जंतू मेले तरी त्यांच्या सालीतलं विष रक्तात उरतं. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. ते भरवशाने मोजायचं, हे तिचं काम. पण नळीला नुसतं बोट लागलं तरी आकडा बिघडतो, आणि कधी रक्तच ते विष झाकून ठेवतं. म्हणून ती निरोगी माणसाचं रक्त काढून त्यात मोजून विष मिसळायची — घातलं तेवढंच परत सापडलं, तर पद्धत खरी. अट एकच. रक्त देणाऱ्याने रात्रीपासून उपाशी राहायचं.

सांगतो — थांबा जरा. सकाळी लालबागमधून निघालो, तर कोपऱ्यावर खिम्याचा वास. जंतूंचा आणि खिम्याचा काय संबंध? बसलो. पावाला लोणी लावून घेतलं. वर मलईवाली लस्सी. मिशा पुसल्या आणि गेलो रक्त द्यायला.

मशीनमध्ये फिरवल्यावर माझ्या रक्तावरचं पाणी पिवळसर नितळ दिसायला हवं होतं. ते दुधासारखं गढूळ — लोणी-मलईची चरबी रक्तात उतरली होती. मयूरीने हळूच विचारलं, "मामा, खरं सांग, काही खाल्लंस?" पलीकडे तिचे सर चष्म्यावरून बघत होते. तिथेच हो म्हटलं असतं तर? हसली असती, उद्या ये म्हणाली असती. पण सरांची ती नजर — माझं डोकंच फिरलं.

"शब्द फिरवणारा माणूस वाटलो काय गं तुला?"

तिने विश्वास ठेवला.

त्या चरबीने झाकलं, आणि माझ्या रक्तात मिसळलेलं विष पुरतं परत सापडेना. पोरगी स्वतःच्या हातात चूक शोधत बसली. नळ्या बदलल्या, पाणी बदललं, हातमोजे बदलले. सर वैतागले, काम लांबलं. गणपतीत आरतीलासुद्धा आली नाही. मी मात्र फोन करून विचारायचो, जमलं का गं? — विचारायचो, सांगायचो नाही. शेवटी रक्त आणखी पातळ करून, तापवून तिने जमवलं. आता कसंही गढूळ रक्त आणा, घातलं तेवढं सापडतं. अक्कल तिची, मेहनत तिची. माझं त्यात फक्त खोटं.

यंदा ती डॉक्टर झाली. नायगावला बहिणीच्या घरी केवढी धमाल! बेंजो वाजला, कोंबडी-वडे झाले, मी तर घाम फुटेपर्यंत नाचलो. मग मयूरी सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा माझ्यासाठी रात्रभर उपाशी राहून आलेला. त्याचं रक्त अवघड निघालं, म्हणून मी शिकले."

टाळ्या वाजल्या. त्याच शिकलेल्या मंडळींनी वाजवल्या, उभं राहून. आणि मी? मी पुढे गेलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि टाळ्या थांबेपर्यंत हसत उभा राहिलो.