बाबा म्हणाले, ‘उडू नीट’

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतेय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कुणीतरी येऊन बसतं... मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. एखादी गोष्ट नुसता योगायोग आहे की आणखी काही, हे तपासणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. आणि आमच्या घरात भूत, करणी, नजर असलं बाबांनी कधी चालूच दिलं नाही. अकोल्यात आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की बाबा मला मुद्दाम दाखवायला न्यायचे आणि परत येताना विचारायचे, ‘‘काय पाहिलंस? जेवढं पाहिलंस तेवढंच सांग.’’

तर जेवढं पाहिलं तेवढंच सांगते.

आम्ही लखनऊला राहतो, इंदिरा नगरमध्ये, एका घराच्या तळमजल्यावर. माझे मिस्टर सुधीर अमौसीला एअरपोर्टवर नोकरीला आहेत. मुलगी रुही अकरावीत. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. आई गेल्यावर अकोल्याला एकटेच राहायचे. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि आम्ही त्यांना इकडे आणलं. उजवा हात गेला, वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. सकाळी मी त्रिशरण म्हणायला लागले की सूर बरोबर धरायचे... नुसता सूर. शब्दांच्या जागी हुंकार. माझं नाव घ्यायला जायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. मग मी दुसऱ्याच कशाचा तरी विषय काढायचे.

त्यांच्यासाठी मी नोकरी सोडली आणि एका खासगी रिसर्च कंपनीचं काम घरून घेतलं. कुठल्या जिल्ह्यात कुठला ताप किती पसरतोय, त्याचे नकाशे करायचे. कंपनीने विकतचं सॉफ्टवेअर बंद करून सगळं काम ‘आर’ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर नेलं होतं, तेही लिनक्सवर. मी आयुष्यभर विंडोजवर काम केलेली बाई. सुधीरनी त्यांचा जुना डेस्कटॉप मागच्या खोलीत मांडून दिला, त्यावर लिनक्स टाकून दिलं आणि म्हणाले, ‘‘आता तू जाण आणि तो जाणे.’’ महिनाअखेर पहिला नकाशा गेला नाही तर कंपनी दुसरं कुणी बघणार होती. हे त्यांनी अगदी गोड भाषेत कळवलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आरमध्ये प्रत्येक कामाचं वेगळं पॅकेज असतं, ते इन्स्टॉल करावं लागतं. पण लिनक्सवर त्या पॅकेजला खाली आणखी कुठली तरी लायब्ररी लागते, आणि ती नसेल तर स्क्रीनवर अक्षरांचा पूर येऊन शेवटी एरर येते — अमुक सापडलं नाही. ते अमुक टाकलं की पुढचं काहीतरी सापडत नाही. असं चालू राहतं.

थंडीचे दिवस होते. धुक्यामुळे फ्लाइटा लेट, त्यामुळे सुधीरच्या घरी येण्याजाण्याला काही धरबंध नव्हता. सकाळी ऊन आलं की मी बाबांची व्हीलचेअर पुढच्या अंगणात लावायची आणि मागच्या खोलीत कामाला बसायची. मध्ये बैठक आणि स्वयंपाकघर. बाबांना माझी स्क्रीन दिसणं शक्यच नव्हतं.

एक दिवस मी त्यांना चहा पाजत होते. त्यांनी कप बाजूला सारला आणि म्हणाले, ‘‘उडू नीट.’’

मी कप खाली ठेवला. झटक्यानंतर पहिल्यांदा शब्द! ‘‘काय म्हणालात बाबा?’’

‘‘उडू नीट... स्स.’’

ओठ डावीकडे ओढले जात होते, पण ऐकू स्पष्ट आलं. मी सुधीरना फोन केला. ते ड्युटीवर होते, तरी आनंदले. ‘‘विमानाने जायचं म्हणत असतील गं. अकोल्याची आठवण आली असेल. डॉक्टरांना विचारून घेऊन जाऊ.’’ मी बाबांना म्हटलं, ‘‘हो बाबा, नीट उडू. सुधीर तिकीट काढतील.’’ त्यांनी मान जोरात हलवली. नाही, नाही. मग डोळे मिटून घेतले.

दुपारी पॅकेज अडलं. मी एररचा तुकडा इंटरनेटवर शोधला, कुणीतरी लिहिलेली ओळ उचलून टाकली, काम पुढे सरकलं. त्या लायब्ररीचं नाव मी धड वाचलंसुद्धा नाही.

दोन-चार दिवसांनी रुही अंगणात अभ्यास करत होती. तिथून ओरडली, ‘‘मम्मा! आजोबा दाल माँग रहे हैं!’’

मी धावत गेले. बाबा म्हणत होते, ‘‘ग... डाल. ग... डाल.’’

मला ‘गं, डाळ’ असं ऐकू आलं. केवढा आनंद! लसणाची फोडणी देऊन तुरीचं वरण केलं, मऊ भात कालवला. बाबांनी तोंड फिरवलं. चमचा पुढे केला की डाव्या हाताने बाजूला करायचे. शेवटी रुहीच जेवली.

मी येऊन बसले. सकाळी लावलेलं इन्स्टॉलेशन थांबलेलं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की जीडीएएल सापडत नाही. जीडीएएल ही नकाशाच्या फाइली वाचायची लायब्ररी. इंग्रजी अक्षरं सलग वाचली की — गडाल.

मी हसले. मग मनात काहीतरी टोचलं, म्हणून आधीची नोंद वर सरकवून पाहिली. त्या दिवशी अडलेली लायब्ररी... यूडी-युनिट्स. इंग्रजी अक्षरं तशीच सलग वाचा — उडुनीट्स. शेवटच्या ‘स्’सकट.

माझा पहिला संशय रुहीवर. हल्लीची पोरं काय करतील नेम नाही. माझी स्क्रीन मोबाइलवर बघायची आणि आजोबांना शब्द शिकवायचे... मी तिला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, ‘‘मम्मा, मुझे क्या पता ये होता क्या है? और आजोबा मेरे सिखाने से बोलते तो मैं अपना नाम नहीं सिखाती?’’

तरी संशय गेला नाही. बाबांच्या कानात ऐकायचं मशीन आहे. त्यातून कुणी काही ऐकवतंय का? मी ते काढून उलटसुलट पाहिलं. साधं, बटण-सेलवालं, त्याला मोबाइल जोडताच येत नाही. उशीखाली पाहिलं. व्हीलचेअरखाली वाकून पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

मग संशय सुधीरवर. कॉम्प्युटर त्यांनी मांडलेला. हे ऐकून ते चिडलेच. ‘‘काहून? मला ड्युटी कमी आहे का? तू एरर मोठ्याने वाचतेस, माहिती आहे तुला? दिवसभर पुटपुटत असतेस. त्यांनी ऐकलं असेल.’’

हे मात्र पटण्यासारखं होतं. मी पुटपुटते खरी. पण मी पुटपुटणार ती एरर आल्यावर. बाबा तर आधी बोलले होते.

तेव्हापासून मी तोंड शिवलं. मागच्या खोलीचं दार लावून घ्यायला लागले. आणि एका सकाळी, कॉम्प्युटर अजून बंद असताना, आंघोळीनंतर अंग पुसता पुसता बाबा म्हणाले, ‘‘सोडियम.’’

अगदी स्वच्छ. सोडियम.

मी घाबरले, पण वेगळ्याच कारणाने. म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं, झटक्याच्या वेळी हॉस्पिटलमध्ये रोज हेच बोलणं चालायचं. लॅबवाल्याला घरी बोलावलं, रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. नॉर्मल. मग मी कामाला बसले. डेटाबेसचा पासवर्ड सुरक्षित ठेवायचं एक पॅकेज कंपनीने त्याच दिवशी टाकायला सांगितलं होतं. ते अडलं. लिबसोडियम सापडत नाही.

मी उठून बाबांजवळ गेले. ‘‘बाबा, तुम्हाला हे कोण सांगतं?’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय.

स्पीच थेरपिस्ट मॅडम यायच्या, त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘देखिए, ऐसे मरीज़ों में ये होता है. ये लफ़्ज़ नहीं हैं, आवाज़ें हैं. मतलब आप जोड़ रही हैं.’’ मीही दुसऱ्या कुणाला हेच समजावलं असतं. ढिगातून आपल्याला हवं तेवढंच वेचलं की काहीही जुळतं. पण ढीग होता कुठे? बाबा या शब्दांखेरीज दुसरं काही बोललेच नव्हते.

सुट्टीच्या दिवशी सुधीर म्हणाले, ‘‘आज मी बसतो त्यांच्याजवळ. तू दार लाव. काय टाकणार आहेस ते मला सांगू नको.’’ चेहऱ्यावर थोडं हसू होतं. बायकोचं खूळ एकदाचं काढून टाकू, असं.

हॉस्पिटलांच्या पीडीएफमधून तक्ते काढायचं पॅकेज मी सुरू केलं. स्क्रीनवर ओळी पळत होत्या, एरर अजून आली नव्हती. तेवढ्यात मोबाइल वाजला. अंगणातून सुधीर. आवाज अगदी खाली.

‘‘पॉपलर म्हणतायत.’’

‘‘काय?’’

‘‘पॉपलर, पॉपलर. इथे शेतात लावतात ते झाड ना? बाबांना कुठून माहीत असणार ते?’’

मी उत्तर देईपर्यंत स्क्रीन थांबली. पॉपलर सापडत नाही, असं तिथे लिहिलं होतं. मी फोन तसाच धरून बसले. सुधीर आत आले, माझ्या खांद्यावरून त्यांनी ती ओळ वाचली, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. नंतर सगळे दरवाजे, खिडक्या, राउटर, माझा फोन, स्वतःचा फोन... तपासत बसले. त्यांना काही मिळालं असतं तर बरं झालं असतं. आता संशय घ्यायला घरात कुणीच उरलं नव्हतं.

पॉपलर टाकलं आणि सगळं सुरळीत झालं. महिनाअखेरच्या आत उत्तर प्रदेशाचा नकाशा तयार झाला, कंपनीला आवडला, काम टिकलं. आणि बाबा गप्प झाले.

आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग ती शांतता सहन होईना. रोज सकाळी चहा पाजताना मी त्यांच्या ओठांकडे बघत राहायची. गडाल म्हणा, सोडियम म्हणा, काहीही म्हणा, पण बोला. तो त्यांचा आवाज होता हो! मधल्या काळात विसरायला लागले होते तो.

आणि मग मी ते केलं. सुधीर ड्युटीवर, रुही शाळेत. कुणाला न सांगता मी त्या कॉम्प्युटरवरून सगळी पॅकेजं आणि सगळ्या लायब्ररी काढून टाकल्या. कामाच्या फाइली बाजूला ठेवल्या आणि पहिल्यापासून इन्स्टॉलेशन सुरू केलं. एरर यायला लागल्या. मी त्या तशाच सोडल्या आणि अंगणात येऊन बाबांच्या खुर्चीशेजारी बसले. ऊन छान होतं. गल्लीत सब्जीवाला मटार ओरडत होता.

‘‘बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘काय सापडत नाहीये? सांगा ना.’’

बाबांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. आणि म्हणाले,

‘‘उगाच.’’

ना ओढलेले ओठ, ना तुटका आवाज. मी लहानपणी पाण्याची कळशी मुद्दाम सांडायचे आणि बाबा दारातून म्हणायचे, तसंच. मी जाणूनबुजून केलं होतं, हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मी तिथेच त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडले. कधी थांबले ते कळलंच नाही. मग आत जाऊन एकेक करून सगळं पुन्हा टाकलं. या वेळी कुणी नावं सांगितली नाहीत.

बाबा आता बरे आहेत. थेरपीने ‘चहा’, ‘नको’, ‘बस’ असे शब्द जड जिभेने येतात. माझं नाव अजून नाही. तसा स्वच्छ शब्द त्या दिवसानंतर परत आला नाही. मॅडम म्हणतात, कधीकधी एखादा शब्द असा निसटून येतो. असेल. सुधीर हा विषय काढत नाहीत. मी काढला तर टीव्हीचा आवाज वाढवतात.

माझ्याकडे याचा खुलासा नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर मनापासून ऐकेन, फक्त अंगात येण्याबिण्याचं सांगू नका. योगायोग म्हणालात तर वाद घालणार नाही. एवढंच सांगते, मी संशयी बाई आहे. त्या संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करायच्या आधी ‘उगाच’ नावाची एखादी लायब्ररी कुठे आहे का, तेही शोधून पाहिलं.

नाही मिळाली.