सोमवारबाई

मी आयुष्यात एकच स्थळ सुचवलं आणि त्यात अशी तोंडावर पडले की दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये बायका मला बघून पुढे कितीतरी दिवस हसत होत्या. झालं असं, शेजारणीच्या फोनवर तिच्या मुलाचा फोटो पाहिला. पांढराशुभ्र शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. मुलगा फिलिपिन्सला, दोन वर्षांचं काम, सिगरेट नाही, दारू नाही, चहासुद्धा नाही! असा मुलगा मोकळा फिरतोय म्हणजे काय? मी फोटो मागून घेतला आणि पुण्याच्या भाचीसाठी थेट माहेरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी शेजारणीच्या दारात उभी राहून विचारलं, "पत्रिका असेलच ना गं?"

ती दाराला धरून हसायला लागली. "आवो काकू, आम्ही ख्रिस्ती. आमच्यात पत्रिका कुठली? आन् रूबेन एकोणीसचा आहे. धर्मसेवेला गेलाय. परत येईस्तोवर त्याला पोरीबरोबर एकट्यानं बसायचीसुद्धा बंदी! थांबा, त्याला लिहून कळवतेच हे स्थळ!"

भाची सव्वीसची होती. टायची गाठ बघण्याच्या नादात वय विचारायचं राहून गेलं. पण मी तरी काय करणार, तेव्हा मी साठीची अल्लड पोर होते.

करुणा तिचं नाव. माहेर-सासर दोन्ही नगरकडचं, दोह्यात एका हॉस्पिटलात नर्स. ही मंडळी मॉर्मन पंथाची. त्यांच्यात अठरा-एकोणीसचा मुलगा स्वखुशीनं दोन वर्षं परक्या मुलखात धर्माचं काम करायला जातो, जोडीदाराबरोबर दारोदार फिरतो. सोमवार हा त्यांचा कपडे धुण्याचा आणि घरी लिहिण्याचा दिवस. म्हणून दर सोमवारी ड्यूटीवरून आली की करुणा गणवेशातच माझ्या दारात हजर. "यल्ला, चला काकू, गॅस बारीक करा. पत्र आलंय!" यायचा ईमेल, पण ती त्याला पत्रच म्हणायची. सोमवारबाई म्हणून तिचं बारसं मीच केलं. ती ओट्याला टेकून, उभ्यानं, खणखणीत आवाजात मजकूर वाचायची. मूळ इंग्रजी, पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचं नगरी मराठी झालेलं असायचं.

पहिल्या सोमवारी मी देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं होतं. म्हटलं, लेक तिकडे लोकांना बाटवतोय, आई इकडे माझ्यापासून सुरुवात करायची! तिच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "उघडा ते, काकू. देवांना गुदमरायला होईल. तुमचा देव तुमच्या घरात, माझा माझ्या. पोराची खबर तेवढी सगळ्यांची." त्यानंतर ती माझ्या गणपतीच्या समोर उभी राहून पत्रं वाचत आली आणि आमच्या दोघींच्याही देवांनी कधी तक्रार केली नाही.

चहा तिलाही वर्ज्य. मी मुद्दाम, आलं घालून, तिच्यासमोर कप ठेवायची. ती तो दोन्ही हातांत धरायची, डोळे मिटून वाफ घ्यायची आणि परत ठेवायची. "वास घ्यायला कुठं मनाई आहे?" गेल्या वर्षी ते सगळे दोहा सोडून नगरला गेले, तरी सोमवारी माझ्या हातून ओट्यावर एक कप जास्तीचा ठेवला जातो. नातू विचारतो, "हू इज इट फॉर, आजी?" मी सांगते, "वासासाठी."

एकदा मी चिडवलं, "एवढ्या मोठ्यानं वाचतेस, मी काय बहिरी आहे?" तिनं फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "काकू, पत्रात तो अडखळत नाही ना."

रूबेन बोलताना अडायचा. लहानपणापासून. त्यानं 'म' म्हणायचा अवकाश, करुणा "मला भूक लागलीय" म्हणून ताट वाढून मोकळी. पोराचं प्रत्येक वाक्य तिनं, नाहीतर त्याच्या बापानं पुरं केलेलं. आणि असा मुलगा आता नवी भाषा शिकून अनोळखी दारं ठोठावत होता! "मी नाव सांगेपर्यंत दार बंद झालं," असं तो लिहायचा. करुणा वॉर्डातल्या फिलिपिनो नर्सना म्हणायची, "घरी फोन करून सांगा गं, लंबू पोरगा आला तर दार जरा वेळ उघडं ठेवा." नवरा मात्र ठाम होता : "तीन महिन्यांत परत येतोय. इंजिनियरिंगची सीट धरून ठेवलीय."

तिसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी ती आली आणि खुर्चीत बसली. पत्रात एकच ओळ होती. "आई, तिकीट काढ."

"बाप तिकिटं बघतोय," ती म्हणाली. "रूबेन आता व्हिडिओवर येईल. मला घरात बसवेना."

तेवढ्यात फोन वाजला. रूबेनचा चेहरा उतरलेला. "आई, म... म... मला..."

करुणानं तोंड उघडलं. 'मला घरी यायचंय', हे तिच्या ओठांवर आलेलं मला स्वच्छ दिसलं. पण तिनं रुमालाचा बोळा दातांत धरला. मी जन्माची बडबडी, मला ती शांतता सोसेना. "पाणी पी रे" म्हणणार, तोच टेबलाखालून तिनं मला असा चिमटा काढला की दंड निळा पडला. फोनमध्ये पोराचा जबडा धडपडत होता. आम्ही दोघी श्वास धरून.

"मला... अजून ए... एक महिना बघायचाय."

फोन ठेवल्यावर ती रडली नाही, हसली. "काकू, मी बोलले असते तर आज तो विमानात बसला असता. आजवर त्याची किती वाक्यं मी चुकीची पुरी केली असतील हो?" मग उठली, नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाली, "तिकीट खलास. सीट सोडा."

एकाचे बरेच महिने झाले. दोन वर्षं पुरी करूनच रूबेन परतला. विमानतळावर आमचं अर्धं कंपाउंड फुलं घेऊन उभं. तो बाहेर आला तो उन्हानं काळवंडून, पण ताठ. खिशावर तीच काळी पट्टी. आईला मिठी मारली, बापाच्या पाया पडला आणि माझ्याकडे वळला.

"आ... आजी, ते..."

"आजींना म्हणतोय, ते लाडू..." बापानं सुरू केलं आणि "आई गं!" म्हणून दंड चोळत गप्प झाला. सोमवारबाईनं ओठ घट्ट मिटले होते. आजूबाजूनं सामानाच्या गाड्या जात होत्या, माणसं वळून बघत होती. रूबेनला कसली घाई नव्हती. तो माझ्याकडे रोखून बघत, एकेक शब्द सोडवत, वाक्याच्या टोकापर्यंत गेला :

"आजी, ते... स... स्थळ अजून आहे का? आता मला बसायची प... परवानगी आहे."