ट्रेसर काकांकडची शिकवणी

ट्रेसर काका दिवसभर नकाशावरून नजर उचलत नसत, आणि गिटार हातात घेतली की तिच्याकडे एकदाही बघत नसत. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्याचे नकाशे उतरवून काढायचं काम त्यांच्याकडे, म्हणून सगळं कलेक्टर ऑफिस त्यांना याच नावाने ओळखायचं. मी तिथे टायपिस्ट होते. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. दिवसभर टँकरच्या मागणीची पत्रं टाइप करायची, संध्याकाळी घागर घेऊन रांगेत उभं राहायचं. अंगात त्राण उरायचं नाही. तरी आठवड्यातून तीनदा मी त्यांच्या पत्र्याच्या खोलीवर गिटार शिकायला जायचे.

काका मूळचे भोकरचे. तरुणपणी नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवत, भीमजयंतीला गावोगाव जात. पुढे नोकरी लागली, मग बायको वारली. तेव्हापासून ते स्टेजवर चढले नाहीत.

त्यांची एक सवय मला फार जाचायची. कुठलीही ओळ वाजवण्याआधी गाऊन दाखवावी लागे. माझा आवाज घोगरा, मी लाजायचे; पण गाईपर्यंत ते गिटारला हात लावू देत नसत. गाताना जिथे माझा श्वास संपेल तिथे गिटारनेही श्वास घेतला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आधीच थकून आलेली मी मनातल्या मनात चरफडायचे.

त्या वर्षी भीमजयंतीला आमच्या वस्तीत मी वाजवलं. बोटं इतकी पळवली की टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी काकांनी नकाशावर वाकूनच विचारलं, "काल त्यातला कोणता सूर तुला आवडला?"

मला एकही सांगता आला नाही.

"लई वाजवून राहिलीस, पोरी. लोकं दिवसभर पाण्यापायी पळून राहिलेत. त्यांना जरा बसू दे की."

मला राग आला. पंधरा दिवस फिरकले नाही. मग गेले, तर काहीच न विचारता त्यांनी एक पाळणा काढला. त्यांच्या आईचा, चार ओळींचा. पुढचा पावसाळाही कोरडा गेला, तरी आम्ही त्याच चार ओळींवर होतो. एकदा शेजारीण रिकामी घागर घेऊन उंबऱ्यात टेकली, ती पाळणा संपेपर्यंत उठली नाही. काकांनी तिघांना अर्धा-अर्धा कप चहा केला.

निवृत्ती जवळ आली असताना त्यांचा डावा हात लुळा पडला. ते भोकरला लेकीकडे राहायला गेले. मी गिटार घेऊन भेटायला गेले. माझं वाजवणं ऐकतील, एवढंच मनात होतं. त्यांनी मला आपल्या डाव्या बाजूला बसवून घेतलं.

"तारा तू दाब," ते म्हणाले. "उजवा हात अजून माझा हाय."

गिटार दोघांच्या मांडीवर आडवी. मी सूर दाबायचा, तार त्यांनी छेडायची. साधी सरगम होती. पहिला सूर वाजला आणि सवयीने मी लगेच बोट उचललं. सूर तुटला.

"थांब. तो अजून वाजून राहिलाय."

त्यांनी पुन्हा छेडलं. मी धरून ठेवलं. सूर पातळ होत होत गेला, ते डोळे मिटून त्याच्या मागे गेले, आणि मगच त्यांचं बोट पुढे सरकलं. इतकी वर्षं मी प्रत्येक सुरातून लवकर निघून जात होते, हे मला तेव्हा कळलं.

सरगम काही पुरी झाली नाही. पाचव्या सुराला दमून त्यांनी हात खाली ठेवला. लेकीने उशी सारून त्यांना आडवं केलं, आणि ते तसेच झोपी गेले. ती आमची शेवटची भेट. आवाज कधीच विरला होता, तरी तारेवरचं बोट मी बराच वेळ उचललं नाही.