वाहिदभाईंचं नाक

वाहिदभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं तर नुसतं नाकच पाहिलं. लोणावळ्याच्या बाजारातल्या आमच्या वाचनालयाच्या दारातून आधी ते नाक बाहेर आलं, त्याने घाटाकडच्या वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि मग बऱ्याच वेळाने, मालगाडीचा शेवटचा डबा यावा तसे, त्यामागून वाहिदभाई आले. भर उन्हात त्या नाकाच्या सावलीला दोन म्हाताऱ्या सहज टेकल्या असत्या.

मी परत आणलेली कादंबरी त्यांनी मेलेला उंदीर धरावा तशी चिमटीत धरली, उघडली आणि हुंगली.

"छ्या! वहीत नाव तुमचं, बाबू, पन तुमच्याकडं ह्ये दोनच दिस व्हतं. मंग सरुबाईकडं गेलं. ह्यो करडईच्या तेलाचा आंगठा तिचा. तिथनं नथू हमालाकडं. त्येनं सुकट भाजता भाजता वाचलंय. शेवटाला परत तुमच्याकडं आलं, आन तुमी गुडदाणी खात पानं उलाटली. दोन पानं चिकाटलीत. त्यात मुंगी हाय. मेलेली."

सगळं खरं होतं. मुंगीसुद्धा.

वाहिदभाई मूळचे इंदुरीचे, धंद्याने बाइंडर. समितीने त्यांना ग्रंथपाल नेमलं ते केवळ पुस्तकांची बांधणी फुकटात होईल म्हणून. पण आमच्या गावाची रीत अशी की वर्गणी एकाने भरायची आणि पुस्तक पाच घरांनी वाचायचं. त्यामुळे नोंदवहीत एकच नाव असे, आणि ते बहुधा निरपराध माणसाचं. पुस्तक हरवलं की वाहिदभाई त्या वर्गणीदाराने आधी परत केलेली पुस्तकं हुंगत आणि ती ज्या घरांतून फिरली असतील तिथे थेट जात. मग कुणाच्या लोणच्याच्या बरणीवरून, कुणाच्या डगमगत्या पाळण्याच्या पायाखालून पुस्तक निघे.

वाचकांची त्यांना मनस्वी किळस होती. "लोकास्नी पानं उलटायची बोटं येगळी न्हाईत, तोंडात घालायची येगळी न्हाईत," ते म्हणत. "आन नाकात घालायची? इचारूच नगा!"

त्यांची किळस कमी पडली म्हणून की काय, अडतीस साली कपाट आलं.

हवापालटाला येणारे खोकणारे पाहुणे आमची पुस्तकं नेत. त्यांचा धसका घेऊन चिटणीस महिपतरावांनी मुंबईहून पत्र्याचं एक कपाट आणवलं. खाली शेगडी, शेगडीवर फॉर्मॅलिनची वाटी, वर पुस्तकं. वाचकाने बाहेरच्या फटीतून पुस्तक स्वतः आत टाकायचं, रात्रभर धुरी द्यायची, सकाळी महिपतरावांनी किल्लीने उघडायचं. पहिल्या सकाळी दार उघडलं तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि सकाळचा चहा घशाशी आला. सगळ्या पुस्तकांना एकच वास. इस्पितळाच्या मोरीचा.

"जंतू मेले, वाहिदभाई!" महिपतराव म्हणाले.

"जंतू मेले, आन माणसंबी मेली की साहेब. सरुबाई गेली, नथू गेला. आता कुटं हुडकू त्यास्नी?"

"नोंदवहीत बघा."

"नोंदवहीत तर ह्ये बाबू हायेत. गावातलं समदं पाप ह्यांच्याच नावावर!"

वर्षभरात फळ्या दात पडलेल्या तोंडासारख्या दिसू लागल्या. पुस्तकं बुडवणाऱ्यांना असला सुकाळ पुन्हा मिळणार नव्हता. मग ज्यांनी कपाट आणलं तेच समितीत गरजले, "दिवाळीपर्यंत पुस्तकं शोधा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो."

वाहिदभाईंनी बांधणीचा टोच्या घेतला आणि कपाटाच्या मागच्या पत्र्याला आपल्या नाकाच्या मापाचं भोक पाडलं. पत्रा बराच कापावा लागला. रोज संध्याकाळी शेगडी पेटली की ते भोकात नाक खुपसून बसत. धूर चढेपर्यंत जे काही वास वाचवता येतील ते वाचवायचे. मी एकदा त्यांना तसं पाहिलं. डोळे लाल, नाक टोमॅटोसारखं, आणि तोंडाने महिपतरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार.

"मरायचंय का, वाहिदभाई?"

"गप ऱ्हावा. तपकिरीचा वास येतोय. गुलाबाची."

गुलाबाच्या वासाची तपकीर लोणावळ्यात एकच माणूस ओढी.

दिवाळीच्या आधीच्या सभेत वाहिदभाईंनी शोधलेल्या पुस्तकांची चळत टेबलावर ठेवली आणि नम्रपणे म्हणाले, "एकच ऱ्हायलंय. चिटणीससाहेबांच्या उशाखाली आसंल." ते खरोखरच उशाखाली होतं. महिपतरावांनी खोकत किल्ली काढून दिली आणि ठराव झाला, की पुस्तक आधी वाहिदभाईंनी हुंगायचं, मग धुरी.

दुसऱ्याच दिवशी मी मुद्दाम सुकटीच्या हातांनी वाचलेलं पुस्तक घेऊन गेलो. त्यांच्या तोंडचं "छ्या!" ऐकायला मी आसुसलो होतो. त्यांनी पुस्तक हुंगलं. पान उलटलं, पुन्हा हुंगलं. मग नाक पुसून तिसऱ्यांदा.

"कुटं कुटं फिरलं ह्ये, बाबू?" त्यांनी हळूच विचारलं, आणि नोंदवही ओढली.

युद्धात फॉर्मॅलिन मिळेनासं झालं आणि कपाट बंद पडलं. वाहिदभाईंना वास पुन्हा आला नाही. पुढची सहा वर्षं त्यांनी नोंदवही व्यवस्थित ठेवली.