गुरुजी गाण्यातून उठून गेले

मंडळी, आज सकाळी भोरच्या देवळात मी माझी नवी बंदिश गायली. आजवर गुरुजींच्याच वळणाच्या बंदिशी बांधल्या. संस्थानात नाव झालं ते त्यामुळेच. ही मात्र उत्रोलीच्या बायका भात लावताना गातात, त्या चालीवर बांधली होती.

"आमचंच गाणं हाय की ह्ये!" मागून एक आजी म्हणाली. तेवढ्यात पुढे बसलेले गुरुजी उठून बाहेर गेले.

गाणं कसंबसं संपवून मी त्यांच्यामागे धावलो. "चुकलं का काही, गुरुजी?"

"नाही. फार चांगलं झालं. पण हे माझं गाणं नव्हे. यापुढे माझं नाव सांगून गाऊ नकोस."

उद्या पुन्हा गायचं आहे. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय गायलं असतं?