वनिताच्या पोटावरचा व्रण

हे मी माझ्या नवऱ्याजवळही कधी बोललेले नाही. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. जीभ अजूनही अडखळतेच आहे.

वनिता माझी धाकटी जाऊ. पोशीरला आमचं एकत्र घर, भाताची शेती. तिचं अपेंडिक्स फुटलं, पोट उघडावं लागलं. टाके काढायला तिला कर्जतला मीच घेऊन गेले. ती आत साडी सारखी करत होती, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, कातडी वरून मिटली आहे, पण आतलं अजून कच्चं आहे. गणपतीपर्यंत वजन उचलू देऊ नका.

ऐकलं मी. नीट ऐकलं.

आणि घरी येऊन काय सांगितलं? — "टाके निघाले, आता काय नाय."

लावणी तोंडावर होती म्हणून? माणसं मिळत नव्हती, ते खरं. पण त्याहून खरं हे — सासूबाई तिला अंथरुणात पेज नेऊन देत होत्या, आणि माझ्या बाळंतपणात मला कुणी पाण्याचा तांब्याही दिला नव्हता. माझा नुसता जळफळाट होत होता. हिनंही जरा वाकावं, असं मला वाटलं.

ती वाकली. रोपांच्या ओल्या मुठींनी भरलेली पाटी डोक्यावर घेतली आणि बांधावरच पोट धरून बसली. जखम उसवली होती.

डॉक्टर चिडले, "सांगितलं होतं ना?"

सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मी सांगितलं हो, ही ऐकते कुठं?"

वनितानं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "सांगितलं असंल ताईंनी. माझंच ध्यान नसंल."

आत पू धरेल म्हणून पुन्हा टाके घातले नाहीत. जखम तळापासून भरून यायला अख्खा पावसाळा गेला. पट्टी बदलताना ती पदराचा बोळा दातात धरायची — आणि पट्टी धरायला मीच असायचे. लाज वाटत नव्हती? वाटत होती. तरी बोलले नाही. आज तिथे अंगठ्याएवढा जाड, चकचकीत व्रण आहे.

यंदा माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. वनिता मला कळशी सोडाच, तांब्याही उचलू देत नाही. "वरून मिटलं तरी आत कच्चं असतंय, ताई. माझ्यासारखा येडेपणा करू नका तुमी."

माझा व्रण अगदी बारीक रेघेसारखा आला आहे. काल तो बघून ती हरखली.

"बघा, डॉक्टरचं ऐकलं की कसं छान जुळतंय."

मी हो म्हणाले.