पाहुण्याला एकच गडी

कळमनुरीत बसस्टँडच्या मागे पुंजाजी शिंदेचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि त्या दुकानात देविदास राठोड नावाचा एक राजा बसत असे. राजा म्हणजे, त्याचं त्यानेच ठरवलेलं. बारावीला आपटलेला, तांड्यावरून रोज सायकल दामटत येणारा हा पोरगा मशीनपुढच्या डाव्या स्टुलावर टेकला की त्याची मान अशी काही ताठ होई, की बघणाऱ्याला एक ठेवून द्यावीशी वाटे. खेळता येत नव्हतं असं नाही. बोटं चपळ होती. पण चपळ बोटांच्या माणसाला जीभही तशीच मिळाली की आजूबाजूच्यांचं काही खरं नसतं.

मशीन पुंजाजीने नांदेडहून जुनं आणलं होतं, दोन हजार साल लागलं त्या सुमारास. गेम जोडीची होती. आधी दोन वेगवेगळ्या गेममध्ये आपापल्या मारामाऱ्या करणारे हिरो या एकाच गेममध्ये गोळा केलेले, म्हणजे भावकीतल्या भांडणाऱ्यांना एकाच पंगतीला बसवल्यासारखं. पोरांना त्याचंच अप्रूप. ज्याने त्याने दोन गडी निवडायचे. एक लढणार, दुसरा बाहेर थांबणार. लढणाऱ्याला मार बसून त्याची पट्टी कमी झाली की पिवळं बटण दाबायचं; तो बाहेर जातो आणि ताजा गडी उडी मारून आत येतो. बाहेरच्याची पट्टी विश्रांतीने हळूहळू भरत राहते. मात्र दोघांपैकी एक जरी आडवा झाला तरी फेरी गेली.

हे झालं डाव्या बाजूचं. उजवीकडचं पिवळं बटण दाबलं तर काहीच होत नसे. त्याबद्दल गावात कोणाची तक्रार नव्हती, कारण पुंजाजीने मशीन लावलं त्याच दिवशी नियम सांगून टाकला होता. डावीकडे बसतो तो मालक, उजवीकडे बसतो तो पाहुणा. मालकाला दोन गडी, पाहुण्याला एकच. पाहुण्याचा दुसरा गडी पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा, पण तो नुसता शोभेला. गावातल्या कोणीच दुसरं मशीन पाहिलेलं नव्हतं. गेमच अशी असते म्हणून लोकांनी मान डोलावली आणि वर्षानुवर्षं तसंच खेळत राहिले. जिंकेल त्याने डावीकडे बसावं, असा रिवाज पडला. देविदास एकदा तिथे बसला तो उठायचं नावच घेईना.

रोज संध्याकाळी त्याच्यापुढे हरायला येणारं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे रविंद्र खिल्लारे. हा पिठाच्या गिरणीवर कामाला होता. वडील अमृतराव लवकर गेलेले, घरी आई चतुराबाई एकटी. गिरणीच्या पिठाने रविंद्रला खोकला जडला होता. गिरणी सोड, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोडून करायचं काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी तो भुवयांवर पीठ घेऊनच दुकानात शिरायचा आणि देविदास सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आलं बघा दळण."

लोक हसत. रविंद्रही हसायचा. मग खेळ सुरू होई. देविदासची तऱ्हा अशी, की रविंद्रच्या गड्याची पट्टी केसाएवढी उरली की तो त्याला एकदम पाडत नसे. टपली मारायचा, लांब जायचा, परत टपली मारायचा. मागे उभे असलेले खिदळत.

"काहून येतो रे रोज?" देविदास विचारायचा. "तुझ्या हाताला पीठच बराबर हाय."

"शिकून राहिलो, दादा," रविंद्र म्हणायचा आणि उठून सगळ्यांना चहा सांगायला जायचा.

आणि तो खरंच शिकत होता. बाहेर विसाव्याला जागाच नसलेल्या एका गड्याला जपायचं कसं, हे त्याला कळत चाललं होतं. घाई करायची नाही, समोरचा धावून आला की अडवायचं, त्याचा तोल गेला की एकच ठोसा द्यायचा. देविदासला हल्ली जिंकायला वेळ लागे. ते त्याच्या लक्षात आलं होतं, पण कबूल करायची दानत त्याच्यात नव्हती.

एका पावसाळ्यात मशीनमध्ये उंदराने घर केलं. पुंजाजीने मागची फळी काढली आणि देविदासला बॅटरी धरायला लावली. आत वाकून बघताना देविदासला उजव्या पिवळ्या बटणाची वायर दिसली. तुटलेली, टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली.

"मामा, हे काय हाय?"

"येतानाच तुटलेलं व्हतं," पुंजाजी उंदराचा गवतकाडीचा पसारा उपसत म्हणाला. "जोडायला नांदेडचा माणूस कोण आणतो? मंग नियमच करून टाकला. पाव्हणे लवकर हरतेत, लवकर दुसरं नाणं टाकतेत. कोणाला काय तकलीफ?"

एवढी वर्षं आपण दोन गड्यांनिशी एकाला बडवत होतो, हे देविदासला त्या क्षणी स्वच्छ कळलं. उद्याच वायर जोडून घेऊ, असंही त्याला वाटलं. असं वाटणं फार सोपं असतं. संध्याकाळी रविंद्र आला, खोकला, उजवीकडे बसला, आणि देविदास नेहमीसारखा म्हणाला, "आलं बघा दळण." त्या दिवशी तर तो जास्तच मोठ्याने म्हणाला.

याच सुमारास त्याच्या लग्नाचं बोलणं निघालं. मुलगी सेनगावकडच्या एका तांड्यावरची, दिपा. तिचा बाप सेवा पवार रोखठोक माणूस. पोरगा गेम खेळतो हे ऐकून तो देविदासच्या बापाला, प्रेमदासला, तोंडावर म्हणाला, "खेळणाऱ्याला पोरगी देत न्हाई. कुठं कामाला लागला तर बोला." देविदासने दिपाला एकदाच, जवळा बाजारच्या आठवडी बाजारात, पाहिलं होतं. तेवढ्याने त्याची झोप उडाली होती.

दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं. त्या साली तिथे नांदेडच्या गुंडेवार शेठने गेमचा स्टॉल टाकला, आणि मशीन हेच, जोडीच्या गेमचं. शेठला नांदेडच्या नव्या दुकानावर गिऱ्हाइकं खेचायला एक खेळणारा माणूस हवा होता. पगार, वर खोली. त्यासाठी त्याने सामने लावले होते. ही बातमी लागताच देविदासने तांड्यावर सांगून टाकलं की मी नांदेडला चाललो. प्रेमदासने तसा निरोप सेनगावलाही धाडला. आता हरून परत येण्याची सोय उरली नव्हती.

काळीपिवळी जीपमध्ये बघतो तर मागच्या बाकावर रविंद्र.

"मीबी नाव देऊन बघतो, दादा," तो म्हणाला. "गिरणीतून सुटलो तर सुटलो. आई लई मागं लागली हाय."

देविदास वरवर हसला. हिंगोलीच्या मशीनची दोन्ही बटणं चालू असणार. एका गड्यावर एवढं लढणाऱ्या या पोराच्या हातात दोन गडी आले, तर आपली गत काय होईल, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग त्या दिवशी देविदास फार प्रेमळ झाला. स्टॉलवर दुसऱ्यांचे सामने सुरू होताच त्याने रविंद्रच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला तिथून हलवलं. गरम भजी खाऊ घातली. मौत का कुआँ दाखवला. पाळण्यात शेजारी बसवलं. उजवीकडचे लोक गडी बदलतात हे रविंद्रच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा थाट होता. रविंद्र हरखून गेला होता. इतक्या वर्षांत देविदासदादाने त्याला आपल्या हाताने काही दिलं ते हे पहिल्यांदाच.

"आणि ऐक," देविदास भजी पुढे करत म्हणाला, "आपण इथं पाव्हणे. उजवीकडंच बसायचं. शेठला रीतभात कळली पायजे."

"व्हय दादा, बराबर हाय."

रविंद्रचं नाव पुकारलं की तो जाऊन उजवीकडे बसे, आपल्या एका गड्यावर समोरच्याला लोळवे, आणि देविदास त्याला लगेच ओढून बाहेर नेई. लोक तोंडात बोटं घालत होते. हा पोरगा गडीच बदलत नाही, केवढी ही मिजास, असं त्यांना वाटलं. देविदासही आपले सामने जिंकत गेला. शेवटी उरले हे दोघेच, रविंद्र उजवीकडे आणि देविदास सवयीने डावीकडे.

पहिली फेरी रविंद्रने घेतली. देविदासने दोन्ही गडी आलटून पालटून आत आणले तरी घेतली. देविदासच्या मानेवरून घाम उतरला. दुसरी त्याने कशीबशी ओढली. तिसरीत रविंद्रच्या गड्याची पट्टी केसाएवढी उरली आणि देविदासचा आतला गडीही टेकीला आला. देविदासने पिवळं बटण दाबलं, ताजा गडी आत घेतला. मागे गर्दी ओरडायला लागली, "बदल, अरे बदल की."

पाळण्याच्या आणि भोंग्याच्या गोंगाटात रविंद्रने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "दादा, हे लोकं कोणाला काय म्हणून राहिलेत?"

त्याचा दुसरा गडी कोपऱ्यात भरल्या पट्टीने उभा होता. बटण त्याच्या बोटापासून वीतभरही लांब नव्हतं.

"तुझी मजा करून राहिलेत," देविदास म्हणाला. "ध्यान देऊ नको. खेळ."

रविंद्र खेळला आणि पडला. उठून त्याने आधी देविदासचा हात हातात घेतला. हरलेल्या माणसाच्या तोंडावर एवढा आनंद क्वचितच दिसतो. दादाबरोबर शेवटपर्यंत टिकलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

गुंडेवार शेठ मात्र धंद्याचा माणूस. त्याने दोघांनाही बाजूला बोलावलं आणि देविदासकडे न बघता रविंद्रला विचारलं, "जिंकला हा. पण माझ्या डोळ्यात तू भरलास. येतो का नांदेडला? पगार, खोली, सगळं देतो."

देविदासला वाटलं, संपलं. दिपा गेली, तांड्यावरची अब्रू गेली. त्याने मान खाली घातली.

रविंद्र आधी गोंधळला, मग चक्क लाजला. "काय बोलता शेठ," तो म्हणाला. "मी इतकी वर्षं रोज दादासंगट खेळतो. एकदाबी त्याला हरवलं न्हाई. त्याचं काम मी कसं घेऊ? मला आज चांगलं जमलं, ते त्यानंच शिकवलेलं."

"एकदाही नाही?" शेठने देविदासकडे पाहिलं. "खरं आहे का रे?"

हा माणूस गिरणीत खोकून खोकून मरेल, हे देविदासला त्या वेळी दिसत होतं. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. निदान गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

"खरं हाय, शेठ," तो म्हणाला. "एकदाबी न्हाई."

शेठने खांदे उडवले आणि देविदासला सोमवारी यायला सांगितलं. परतीच्या जीपमध्ये रविंद्र चढणाऱ्या प्रत्येकाला देविदासच्या विजयाची हकीकत सांगत होता, मधे मधे खोकत होता. देविदास झोपेचं सोंग घेऊन बसला.

लग्न उन्हाळ्यात झालं. वरातीत वाजंत्र्यांच्या पुढे, धुळीत, रविंद्र नाचत होता. दम लागला की कडेला जाऊन वाकायचा, खोकायचा, तोंड पुसून परत नाचायला यायचा. पंगतीत वाढायलाही तोच होता, आणि जेवला सगळ्यांच्या शेवटी.

संध्याकाळी दिपाने नवऱ्याला हळूच विचारलं, "ते पुढं नाचत होते ते कोण? इतकं जीव तोडून आपल्या घरचंबी कोणी नाचलं न्हाई."

देविदास बाशिंग सोडत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"कोणी न्हाई," तो म्हणाला. "हरत असतो माझ्याकडून."